अडखळणाऱ्या कर्सरमागचा इतिहास

संगणकाला बाहेरची हार्ड डिस्क जोडून एखादी मोठी फाइल उतरवून घेताना बिनतारी माऊसचा कर्सर अडखळू लागतो, कीबोर्डवर दाबलेले अक्षर पडद्यावर उमटत नाही, आणि दोष बहुधा सेलवर किंवा राउटरवर जातो. या तक्रारीचे मूळ शोधायचे तर १९४७ पर्यंत मागे जावे लागते.

त्या वर्षी अमेरिकेतील अटलांटिक सिटी येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय दूरसंचार परिषदेत काही रेडिओ पट्टे उद्योग, विज्ञान आणि वैद्यक यांच्या उपकरणांसाठी बाजूला काढण्यात आले. त्यांपैकी २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यामागे मायक्रोवेव्हने पदार्थ तापवण्याचे तेव्हा नवे असलेले तंत्र होते. म्हणजे आज ज्या पट्ट्यावर आपले घरगुती इंटरनेट चालते, तो मुळात संदेशवहनासाठी नव्हे, तर उष्णतेसाठी राखलेला होता. तेथे संदेश पाठवणाऱ्याने इतरांचा गोंगाट सहन करावा, अशीच अपेक्षा होती. १९८५ मध्ये अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने संदेश विस्तृत पट्ट्यावर पसरवून पाठवणाऱ्या उपकरणांना येथे परवान्याविना मुभा दिली आणि पुढच्या गर्दीची वाट मोकळी झाली. वाय-फायचे पहिले मानक १९९७ मध्ये आले, तर १९९९ च्या सुधारित आवृत्तीने ते घराघरांत नेले.

सुरुवातीचे अनेक बिनतारी माऊस आणि कीबोर्ड मात्र २७ मेगाहर्ट्झवर चालत. त्या लहरीची लांबी सुमारे ११ मीटर असल्याने छोट्या उपकरणात कार्यक्षम अँटेना बसवणे अवघड होते. पल्ला तोकडा असे, चॅनेलही मोजकेच असत. २.४ गिगाहर्ट्झची लहर जेमतेम १२ सेंटिमीटरची असते, त्यामुळे माऊसचा संकेत टिपण्यासाठी संगणकात खोचायच्या नखाएवढ्या रिसीव्हरमध्येही अँटेना मावते. उत्पादक या पट्ट्याकडे वळले यात नवल नाही, परंतु तेथे वाय-फाय आधीच ठाण मांडून बसले होते.

ब्लूटूथची कथा अधिक बोलकी आहे. त्याचे मूळ तंत्र हा पट्टा एकेक मेगाहर्ट्झच्या ७९ चॅनेलांत विभागून सेकंदाला १६०० वेळा चॅनेल बदलत असे. शेजारचे वाय-फाय त्यांतील सुमारे २२ चॅनेल व्यापत असले, तरी सुरुवातीच्या आवृत्त्या आंधळेपणाने तेथेही उडी घेत आणि तेव्हा पाठवलेली माहितीची पाकिटे वारंवार वाया जात. २००३ मधील १.२ आवृत्तीने गजबजलेले चॅनेल ओळखून ते टाळण्याची सोय आणली. माझ्या मते सहजीवनाच्या दिशेने पडलेले हे सर्वांत शहाणपणाचे पाऊल होते, कारण त्यात कोणालाही पट्ट्याबाहेर घालवण्याची गरज पडली नाही.

त्यानंतरचा त्रास अनपेक्षित दिशेने, चक्क तारेतून आला. २००८ मध्ये जाहीर झालेले यूएसबी ३.०, म्हणजे बाहेरची डिस्क संगणकाला तारेने जोडण्याचे मानक, सेकंदाला ५ गिगाबिट वेगाने माहिती वाहते, आणि त्या संकेताची ऊर्जा विस्तृत पट्ट्यावर पसरत असल्याने तिचा काही भाग नेमका २.४ गिगाहर्ट्झमध्ये पडतो. इंटेलने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तांत्रिक टिपणात हा गोंगाट मोजून दाखवला. केबल, कनेक्टर किंवा जोडलेल्या डिस्कच्या आवरणातून तो बाहेर झिरपतो; आणि तो माऊसच्याच पट्ट्यात असल्यामुळे रिसीव्हरमध्ये गाळणी बसवूनही वेगळा काढता येत नाही. माऊसचा संकेत आधीच क्षीण, त्यात त्याचा रिसीव्हर बहुतेकदा त्या डिस्कला खेटून असलेल्या पोर्टमध्ये खोचलेला असतो. राउटर बंद करूनही कर्सर अडखळत राहतो, तो अनेकदा याच कारणाने.

दरम्यान वाय-फायला ५ गिगाहर्ट्झचा पट्टा मिळाला, आणि २०२० मध्ये अमेरिकेने ६ गिगाहर्ट्झचाही पट्टा खुला केला. घरातील संगणक आणि फोन तिकडे हलवले की माऊसवरचा भार खरोखर हलका होतो. डिस्कच्या गोंगाटावर मात्र त्याचा उपाय नाही. तेथे रिसीव्हर छोट्या एक्स्टेन्शन केबलला लावून डिस्कपासून दूर, माऊसजवळ आणून ठेवावा लागतो.