अंगणात पुरलेली नावं

वर्ष-दीड वर्षातून एकदा आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका हसऱ्या युरोपियन आजीबाईंचा फोटो येतो. खाली मजकूर असा, की या बाईंनी प्लंबरच्या वेशात नाझींच्या तावडीतून अडीच हजार ज्यू मुलं हत्यारांच्या पेटीतून बाहेर काढली, त्यांची नावं बरणीत भरून झाडाखाली पुरली आणि २००७ साली शांततेचं नोबेल मात्र अमेरिकेचे माजी उपाध्यक्ष अल गोर यांना मिळालं. शेवटी अर्थातच 'पुढे पाठवा'. आजीबाई खऱ्या आहेत. नाव इरेना सेंडलर, जन्म १५ फेब्रुवारी १९१०, मृत्यू १२ मे २००८. पण त्या प्लंबर नव्हत्या. पोलंडच्या राजधानीत, वॉर्सा नगरपालिकेच्या समाजकल्याण खात्यात त्या नोकरीला होत्या. फॉरवर्डमध्ये नेमकं हे खातंच गळतं, आणि गोष्ट तर तिथूनच सुरू होते.

त्याआधी वडिलांबद्दल थोडं. ते वॉर्साजवळच्या ओत्वोत्स्क गावात डॉक्टर होते. त्यांच्याकडे गरीब ज्यू रुग्ण बरेच येत. १९१७ मध्ये टायफसच्या (उवांमधून पसरणाऱ्या तापाच्या; हा टायफॉइड नव्हे) साथीत रुग्णांवर उपचार करता करता त्यांनाच टायफस झाला आणि ते गेले. इरेना तेव्हा जेमतेम सात वर्षांची होती. टायफस हा शब्द लक्षात ठेवा, तो पुन्हा येणार आहे.

हिटलर येण्याआधीचं पोलंड काही सर्वधर्मसमभावाचं नंदनवन नव्हतं. १९३० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात विद्यापीठांच्या वर्गांमध्ये ज्यू विद्यार्थ्यांना वेगळ्या बाकांवर बसवायला सुरुवात झाली होती. वॉर्सा विद्यापीठात शिकणाऱ्या इरेनाने आपल्या गुणपुस्तिकेतला त्यासंबंधीचा शिक्का खोडून टाकला. त्यापायी निलंबन झालं आणि पदवी लांबली.

सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मन फौजा आल्या. नगरपालिकेतल्या ज्यू कर्मचाऱ्यांना घरी बसवण्यात आलं आणि ज्यू कुटुंबांना मदत देण्यावर बंदी आली. खात्यातल्या चार-पाच जणींनी यावर जो उपाय काढला, तो ज्याने सरकारी कचेरीत एक दिवस जरी काढला असेल त्याला लगेच कळेल. त्यांनी कागद रंगवले. गरजू ज्यू कुटुंबांच्या प्रकरणांवर ख्रिस्ती पोलिश नावं चढवली आणि मदत सुरू ठेवली. पण घरी तपासणीला कोणी गेलं तर? म्हणून अशा प्रकरणांवर 'घरात टायफस' किंवा 'घरात क्षय' असा शेरा मारला जाई. मग कोण जातंय तपासायला! इरेना शुल्त्स, यादविगा पिओत्रोव्स्का, यादविगा देनेका या त्या खात्यातल्या सहकारी. फॉरवर्डमध्ये यांतलं एकही नाव नसतं.

नोव्हेंबर १९४० मध्ये वॉर्साचं घेटो, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवण्याची वस्ती, भिंती घालून बंद झालं. जेमतेम साडेतीन चौरस किलोमीटरमध्ये चार लाखांहून जास्त माणसं कोंबली गेली. उपासमार झाली, त्यापाठोपाठ टायफस आला. साथ भिंतीपलीकडे येईल या भीतीने जर्मनांनी पोलिश आरोग्य कर्मचाऱ्यांना आत जाण्याचे परवाने दिले होते. साथरोग विभागाच्या डॉक्टर मायकोव्स्कींनी सेंडलर आणि शुल्त्स या दोघींना तसे परवाने मिळवून दिले. नर्सच्या वेशात त्या दिवसातून दोन-दोन, तीन-तीनदा आत जात आणि अन्न, औषधं, पैसे, कपडे नेत. आत शिरल्यावर सेंडलर दंडाला ताऱ्याची, ज्यूंना सक्तीची असलेली, पट्टी बांधत. एक तर आतल्या लोकांबद्दलची आपुलकी, आणि दुसरं म्हणजे त्या गर्दीत वेगळं दिसून चालणार नव्हतं. ऑक्टोबर १९४१ पासून घेटोबाहेर सापडणाऱ्या ज्यूला आणि त्याला आसरा देणाऱ्यालाही मृत्युदंड होता.

याच घेटोत यानुश कोर्चाक यांचं अनाथालय होतं. कोर्चाक डॉक्टर, लेखक. सेंडलर त्यांना ओळखत. १८ जुलै १९४२ ला त्या अनाथालयातल्या मुलांनी रवींद्रनाथांचं 'डाकघर' केलं. खिडकीशी बसून राजाच्या पत्राची वाट पाहणाऱ्या आजारी अमलची ती गोष्ट आपल्याकडच्या किती शाळांनी बसवली असेल. घेटोतल्या त्या प्रयोगानंतर चारच दिवसांनी, २२ जुलैला, त्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीकडे गाड्या सुटायला लागल्या. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कोर्चाक आपल्या सुमारे दोनशे मुलांसोबत त्या गाडीत चढले. रस्त्यावरून जाणारी ती मुलांची रांग सेंडलर यांनी पाहिली होती. सप्टेंबर संपेपर्यंत अडीच लाखांहून जास्त लोक असे नेले गेले.

मुलं बाहेर काढण्याचं काम तुरळक आधीही चाललं होतं, आता त्याला घाई आली. लेश्नो रस्त्यावरच्या न्यायालयाच्या इमारतीला दोन्ही बाजूंनी दारं होती, तिथून काही मुलं निघाली. काही ट्रामच्या डेपोतून, काही तळघरांतून, काही रुग्णवाहिकेतून निघाली. तान्ह्यांना गुंगीचं औषध देत. या सगळ्यापेक्षा कठीण काम मात्र आईबापांसमोर बसण्याचं होतं. ते विचारत, मूल वाचेल याची खात्री देता का? तशी खात्री नव्हतीच. मूल फाटकाबाहेर नीट पोहोचेल, एवढंही सांगता येत नसे. कुणी 'उद्या या' म्हणे, आणि उद्या गेलं तर खोली रिकामी असे.

पेटीची गोष्ट अगदीच हवेतली नाही. १९४२ मध्ये सहा महिन्यांच्या एका मुलीला लाकडी पेटीत ठेवून, विटांच्या मालातून, ट्रकने बाहेर आणलं गेलं. तिच्यासोबत एक चांदीचा चमचा ठेवला होता. त्यावर कोरलेलं: 'एल्झुनिया' हे लाडाचं नाव आणि ५ जानेवारी १९४२ ही जन्मतारीख. सेंडलर यांच्या सहकारी, सुईण स्तानिस्वावा बुसोल्दोवा यांनी तिला वाढवलं. सतरा वर्षांची झाल्यावर तिला कळलं, की ही आपली जन्मदात्री आई नाही.

मूल बाहेर आलं म्हणजे सुटलं, असं नव्हतं. त्याला नवीन नाव, चर्चमधून बाप्तिस्म्याचा दाखला, काही दिवस तात्पुरता आसरा आणि मग कायमचं घर किंवा मठ लागे. यिद्दिश ही ज्यूंची भाषा बोलणाऱ्या पोराला पोलिश प्रार्थना घोकून घ्यावी लागे, कारण एखादा शेजारी किंवा शिपाई मुद्दाम म्हणायला लावी. मठप्रमुख मातिल्दा गेटर यांच्या ननांनी पुष्कळ मुलं ठेवून घेतली. डिसेंबर १९४२ मध्ये पोलिश भूमिगतांनी ज्यूंच्या मदतीसाठी परिषद उभारली. तिचं सांकेतिक नाव 'झेगोटा'. तिच्या बालविभागाची जबाबदारी पुढे 'योलांता' या टोपणनावाने सेंडलर यांच्याकडे आली आणि मुलांच्या खर्चाला नियमित पैसा मिळू लागला.

त्या पैशाचा हिशेब हवा, आणि लढाई संपल्यावर कुणाचं मूल कुठे आहे हे सांगता यायला हवं. म्हणून याद्या. पातळ कागदाच्या पट्ट्यांवर खरं नाव, नवं नाव, पत्ता. ऑक्टोबर १९४३ मधल्या एका रात्री गेस्टापो, म्हणजे नाझींचे गुप्त पोलिस, दारात आले, तेव्हा सेंडलर यांनी ती गुंडाळी मैत्रीण यानिना ग्राबोव्स्का यांच्याकडे फेकली. यानिनांनी ती आतल्या कपड्यांत दडवली आणि ती सापडली नाही. पाव्याक तुरुंगात मारहाण झाली, मृत्युदंडाची शिक्षा सुनावली गेली. नोव्हेंबरमध्ये झेगोटाने एका जर्मन अधिकाऱ्याला लाच देऊन त्यांना सोडवलं. शहरात लागलेल्या पत्रकांवर मृत्युदंड दिलेल्यांमध्ये त्यांचंही नाव होतं. उरलेलं युद्ध त्यांनी दुसऱ्या नावाने काढलं. लेकार्स्का रस्त्यावरच्या पिओत्रोव्स्कांच्या अंगणात, सफरचंदाच्या झाडाखाली, याद्या बाटल्यांत पुरलेल्या होत्या.

राहिला आकडा. अडीच हजार हा आकडा सेंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीच पुढे आठवणीतून मांडला. त्यात मठांमधली, अनाथालयांमधली, घरांमधली आणि थोरल्या मुलांपैकी भूमिगतांकडे गेलेलीही धरली आहेत, म्हणजे सगळ्या जाळ्याने मिळून सांभाळलेली. अलीकडे काही पोलिश संशोधकांनी तो फुगलेला असल्याचं म्हटलं आहे. मला त्यात बाईंचा कमीपणा दिसत नाही. त्या स्वतःही 'हे एकटीचं काम नव्हतं' असंच सांगत आल्या.

१९६५ मध्ये इस्रायलच्या याद वाशेम या ज्यू संहाराची स्मृती जपणाऱ्या संस्थेने त्यांना गौरवलं, पण तिथे जाऊन सन्मानाचं झाड लावायला १९८३ उजाडलं. बाहेरच्या जगात नाव झालं ते १९९९ नंतर, अमेरिकेतल्या कॅन्ससच्या एका गावातल्या शाळकरी मुलींनी त्यांच्यावर छोटं नाटक केलं तेव्हा.

युद्ध संपल्यावर याद्या पोलंडमधल्या ज्यूंच्या मध्यवर्ती समितीकडे, तिथल्या आडोल्फ बेर्मान यांच्याकडे गेल्या. बहुतेक मुलांचे आईबाप त्रेब्लिंकात संपले होते, त्यामुळे पत्ता सापडला तरी नेणारं कोणी नसे. लाकडी पेटीतली ती मुलगी, एल्झ्बिएता फित्सोव्स्का, पुढे सेंडलर यांच्या म्हातारपणी त्यांना भेटायला येत असे. आईबापांचा फोटोही तिच्याकडे नव्हता. चमचा होता.