ऐकू येणारा अभ्यास : सातारा जिल्ह्यातल्या शिकण्याच्या सवयी कुठून आल्या

समर्थांच्या दासबोधात एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास सगळा हस्ताक्षरावर आहे. बोरू कसा असावा, ओळी कशा धराव्यात, कागदाच्या कडेला जागा किती सोडावी, म्हणजे कड झडली तरी अक्षराला धक्का लागणार नाही, इथपर्यंत तपशील आहे. त्यातच एक सल्ला आहे : तरुणपणी फार बारीक अक्षर काढू नये, म्हातारपणी ते उपयोगाला येत नाही, मध्यम काढावं. घरोघरी चष्मे पोचायच्या फार आधीचं हे सांगणं. जवळचं दिसेनासं झाल्यावर लागणाऱ्या चष्म्याला आपण पुढे ‘चाळिशी’ असंच नाव देऊन टाकलं. पण मला त्या ओवीत दुसरंच काही दिसतं. विशीत उतरवून घेतलेली पोथी साठीत पुन्हा उघडायची आहे, हे त्यात धरूनच चाललंय. एकदा वाचून मिटून टाकायचं पुस्तक समर्थांच्या डोळ्यांपुढे नव्हतंच.

हे आठवायचं कारण अगदी आजचं आहे. केंद्राच्या ‘उल्लास’ योजनेखाली पंधरा वर्षांवरच्या निरक्षरांची चाचणी घेतात. महाराष्ट्रात ती १७ मार्च २०२४ ला झाली, तेव्हा नातवंडांच्या बाकांवर बसलेल्या आज्यांचे फोटो सगळीकडे फिरले. त्याखाली लोकांनी लिहिलं, ‘शिकायला वय नसतं.’ वाक्य गोड आहे, पण पुरेसं खरं नाही. वय असतं, आणि प्रत्येक वयाची शिकायची तऱ्हा वेगळी असते. ती कशी घडत गेली हे बघायला सातारा जिल्हा सोयीचा आहे, कारण यातले बहुतेक प्रयोग इथेच झाले, काही तर पहिल्यांदा इथेच.

जुन्या पंतोजींच्या शाळेत मूल आधी धूळपाटीवर बोटाने अक्षर गिरवायचं. कागद महाग, धूळ फुकट. पण खरा अभ्यास हाताने नव्हे, तोंडाने चाले. संध्याकाळी दिवेलागणीला परवचा : श्लोक, तिथी, नक्षत्रं आणि पाढे. नुसते बे ते तीस नव्हेत, तर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकीसुद्धा. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. आज हे ऐकून हसू येतं, पण रुपयाचे सोळा आणे आणि पायली-शेराची मापं असलेल्या बाजारात ज्याला हे अपूर्णांकांचे पाढे येत नसत तो हमखास फसायचा. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, मागोमाग किलो-लिटर आले, आणि पावकी-दिडकीचं पोटापाण्याचं कारणच संपलं. पुढे दहा-पंधरा वर्षांत घराघरांतला तो संध्याकाळचा आवाज बंद झाला. लोक टीव्हीला दोष देतात. माझ्या मते परवचा मारला तो नव्या पैशाने, टीव्ही फक्त मयताला आला.

पाठांतराला ‘पोपटपंची’ म्हणून नावं ठेवायची पद्धत आहे. अर्थ न समजता घोकणं वाईटच. पण परवचात एक गोष्ट होती जी आपण घोकंपट्टीबरोबरच फेकून दिली : रोज, न बघता, आठवून म्हणणं. हर्मन एबिंगहाउस या जर्मन माणसाने स्वतःलाच निरर्थक अक्षरं पाठ करायला लावून विसरण्याचा आलेख काढला आणि १८८५ मध्ये छापला. पहिल्या काही तासांतच बरंचसं निसटतं, मग गळती मंदावते, आणि अंतराअंतराने उजळणी केली तर टिकतं. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं की आठवड्यानंतर बघितलं तर पुन्हापुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा पुस्तक मिटून आठवणाऱ्यांच्या लक्षात जास्त राहतं. ओसरीवर मांडी घालून बसलेल्या आजोबांना यातलं एकही नाव ठाऊक नव्हतं. ते फक्त म्हणायचे, ‘पुस्तक मिट आणि म्हण.’

कृष्णाकाठच्या वाईत हीच रीत वेगळ्या थाटात होती. गुरूने संथा द्यायची, शिष्यांनी ती म्हणायची, मग पद, क्रम, जटा, घन अशी तीच ऋचा उलटसुलट फिरवायची. अनध्यायाचे दिवसही ठरलेले, अष्टमी, चतुर्दशी, पौर्णिमा, अमावास्या. म्हणजे सुट्टीसुद्धा पंचांगातून. याच वाईत नारायणशास्त्री मराठे, पुढचे केवलानंद सरस्वती, यांनी प्राज्ञपाठशाळा उभी केली. तिथे शास्त्राचा अभ्यास होता, पण दारं नव्या विचारालाही उघडी होती.

या पाठशाळेशी जोडलेल्या दोन माणसांची वयं मला इथे महत्त्वाची वाटतात. पहिले विनोबा. बावीस-तेवीस वर्षांचे असताना त्यांनी गांधीजींच्या आश्रमातून वर्षाची रजा घेतली, तब्येतीसाठी आणि अभ्यासासाठी. वाईला नारायणशास्त्र्यांकडे उपनिषदं, ब्रह्मसूत्रांवरचं शांकरभाष्य, मनुस्मृती, पातंजल योग असं वाचलं. एकीकडे शिकत होते, दुसरीकडे गीतेचा वर्ग चालवून शिकवत होते. शाळकरी मुलांना घेऊन विद्यार्थी मंडळ काढलं, वाचनालय काढलं, आणि त्याच्या खर्चासाठी ती मुलं आणि विनोबा जात्यावर दळण दळत. दळणाचे पैसे वाचनालयाला. वर्ष भरलं त्याच दिवशी ते आश्रमात परत हजर झाले, तोवर गांधीजी तारीख विसरूनही गेले होते. नोकरी करून अभ्यास करणाऱ्या कुणालाही हे ओळखीचं वाटेल. वेळ मागून घ्यायचा, मुदत ठरवायची, आणि शिकलेलं लगेच दुसऱ्याला सांगायचं.

दुसरे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी. जन्म १९०१, गाव धुळे जिल्ह्यातलं पिंपळनेर. पोरवयात वाईला आले, १९२३ मध्ये कोलकात्याहून तर्कतीर्थ झाले. पण मला त्यांची साठी जास्त मोलाची वाटते. १९६० मध्ये साहित्य संस्कृती मंडळाचं अध्यक्षपद आलं, त्यातूनच मराठी विश्वकोशाचं काम उभं राहिलं आणि त्याचं कार्यालय वाईलाच राहिलं. पहिला खंड बाहेर पडला १९७६ मध्ये, तेव्हा त्यांची पंचाहत्तरी झाली होती. न्यायशास्त्रात, म्हणजे तर्कविद्येत, मुरलेला माणूस, आणि आता समोर भौतिकीपासून शेतीपर्यंत सगळ्या विषयांच्या नोंदी! मानसशास्त्रात रेमंड कॅटेलने दोन बुद्धी मांडल्या आहेत : नवं कोडं झटपट सोडवणारी, जी तरुणपणीच शिगेला पोचून उतरू लागते, आणि साठत गेलेल्या ज्ञानावर चालणारी, जी उतारवयातही बराच काळ तग धरते. दुसरीने काय होतं हे विश्वकोशाच्या जाडजूड खंडांकडे बघितलं की कळतं.

पण ही पाठशाळेची वाट सगळ्यांसाठी नव्हती. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या राजवाड्यातल्या शाळेत, आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, इंग्रजी पहिलीच्या वर्गात १९१४ क्रमांकावर ‘भिवा रामजी आंबेडकर’ हे नाव चढलं. ती तारीख आता राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. त्या शाळेतल्या सवयींबद्दल बाबासाहेबांनी स्वतःच लिहिलंय : वर्गात एका कोपऱ्यात वेगळं बसायचं, बसायला घरून आणलेलं गोणपाट, संध्याकाळी ते परत घरी न्यायचं कारण शाळेचा गडी त्याला हात लावणार नाही. तहान लागली तर शिपाई हवा. शिपाई नाही तर पाणी नाही. अभ्यासाच्या सवयींवर बोलताना आपण टेबल, दिवा, वेळापत्रक असं बोलतो. एका नऊ वर्षांच्या मुलाच्या दप्तरात गोणपाटही होतं.

त्याच्या सत्तर वर्षं आधी, ३ जानेवारी १८३१ ला, खंडाळा तालुक्यातल्या नायगावात सावित्रीबाईंचा जन्म झाला. लग्नाआधी अक्षराची गाठ नाही. जोतीरावांनी शिकवलं, पुढे नगरला अध्यापनाचं शिक्षण घेतलं आणि १८४८ मध्ये पुण्यात शाळा. १८५५ मध्ये या जोडप्याने पुण्यातच कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा सुरू केली. दिवसभर राबणाऱ्या माणसाने शिकायचं तर रात्रीच, हा साधा हिशेब. फुल्यांचं मूळ गाव कटगुण, तेही याच जिल्ह्यातलं.

मग कर्मवीर. भाऊराव पाटलांनी ४ ऑक्टोबर १९१९ ला कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये ती साताऱ्यात आली. धननीच्या बागेतल्या वसतिगृहात सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला. २५ फेब्रुवारी १९२७ ला गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस असं नाव मिळालं. पोरांच्या जेवणासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रासकट, हे साताऱ्यात शेंबडं पोरही सांगेल. १९३५ मध्ये शिक्षक घडवणारं सिल्व्हर ज्युबिली रुरल ट्रेनिंग कॉलेज निघालं, १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज, ‘कमवा आणि शिका’ या योजनेसह.

‘कमवा आणि शिका’ला आपण गरिबांची सवलत समजतो. ती तेवढीच नव्हती. सकाळी खोदकाम, लावणी, पाणी पाजणं, मग वर्ग, मग रात्री बोर्डिंगात अभ्यास. दिवसाला असा ठोक आराखडा मिळाला की ‘आज अभ्यासाला बसू का नको’ हा प्रश्नच उरत नाही. घरी आई पाणी आणायला हाक मारणार, बाप गुरांमागे धाडणार. बोर्डिंगने त्या पोरांना आधी जेवण दिलं आणि मग, त्याहून दुर्मीळ, ठरलेली वेळ दिली. शिवाय सोबत. वरच्या वर्गातला खालच्याला समजावून सांगणार, आणि सांगता सांगता त्याचं स्वतःचंच पक्कं होणार. या बाबतीत वाईचे विनोबा आणि साताऱ्याचं बोर्डिंग फारसे लांब नाहीत.

आता त्या प्रयोगाकडे येतो ज्याबद्दल आज जिल्ह्यातही फार कुणी बोलत नाही. १९५९ मध्ये सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. कल्पना धीट होती : एकेका माणसाला नव्हे, अख्ख्या गावाला साक्षर करायचं, तेही तीन ते सहा महिन्यांत. शिक्षक गावातलेच, बहुतेक बिनपगारी. वर्ग रात्री भरायचे. शिकणारे नांगर सोडून, भाकऱ्या थापून आलेले. गाव पूर्ण झालं की ग्रामगौरव समारंभ, ग्रामदैवतासमोर शपथ. हुरूप असा की साठच्या दशकात मोहीम राज्यभर पसरली.

आणि मग बरीचशी माणसं पुन्हा निरक्षर झाली. पाठपुराव्याची व्यवस्था नव्हती, वाचायला सोपं, मोठ्या अक्षरातलं काही हातात नव्हतं, आणि शिकलेलं हळूहळू पुसलं गेलं. यात प्रौढांच्या डोक्याचा दोष काढायचं कारण नाही. प्रौढ माणूस मुलापेक्षा सावकाश अक्षर ओळखतो हे खरं, पण त्याला बाजार माहीत असतो, शब्द माहीत असतात, कशासाठी शिकायचं हेही माहीत असतं. अडतं ते समारंभानंतर. शाळकरी पोराला उद्याही शाळा असते. त्या शेतकऱ्याला उद्या फक्त नांगर होता. एबिंगहाउसचा आलेख त्याच्याही डोक्यात चालूच होता, मोडायला परवचा मात्र नव्हता.

पुढची वळणं भराभर. २३ जून १९६१ ला देशातलं पहिलं सैनिक स्कूल साताऱ्यात सुरू झालं, आणि दहा वर्षांच्या पोरांना प्रवेशपरीक्षेला बसवायचं वेड पालकांना लागलं. ते अजून उतरलेलं नाही. शाळा सुटलेल्यांसाठी दहावीचा सतरा नंबरचा फॉर्म होताच. लग्नानंतर तो भरणाऱ्या सुना मी आमच्याच गल्लीत पाहिल्यात. भाकरी करताना ओट्यावर पुस्तक, पानांना पिठाचे ठसे. १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाणांच्या नावाचं मुक्त विद्यापीठ निघालं आणि रविवारच्या संपर्कवर्गांना कंडक्टर, तलाठी, अंगणवाडी सेविका दिसू लागल्या. ४ मे २०१७ ला महाबळेश्वर तालुक्यातलं भिलार पुस्तकांचं गाव झालं. घरांच्या ओसऱ्यांवर कपाटं, कुणीही यावं आणि वाचावं. स्ट्रॉबेरीच्या दिवसांत गेलात तर वाचणाऱ्यांपेक्षा फोटो काढणारेच जास्त भेटतील, तरी मी जातो.

आणि आताच्या अभ्यासिका. साताऱ्यात, कऱ्हाडात एमपीएससीवाल्या पोरापोरींनी भरलेल्या. महिन्याचे पैसे भरायचे, खुर्ची आपली. आत गेलं की पंख्याशिवाय आवाज नाही. सोबत आहे, वेळ आहे, दिवा आहे, म्हणजे बोर्डिंगचं बरंच काही आहे. फक्त कुणी कुणाला काही समजावून सांगत नाही. बोलायचं असेल तर बाहेर चहाच्या टपरीवर. एका मुलीने मला सांगितलं, राज्यघटनेची कलमं तिला खुर्चीत नव्हे, टपरीवर मैत्रिणीशी भांडतानाच पाठ झाली.

आमच्या शेजारच्या काकूंनी गेल्या खेपेला ती साक्षरतेची चाचणी दिली. पास झाल्या, प्रमाणपत्र देव्हाऱ्याशेजारी लावलं. मला भीती होती ती साठच्या दशकातलीच. पण काकूंकडे दोन म्हशी आहेत. रोज दोनदा डेअरीची पावती येते, लिटर, फॅट, एसएनएफ, दर. परवा संध्याकाळी चष्मा नाकावर ओढून, एकेका आकड्याखाली बोट ठेवत त्या मोठ्याने वाचत होत्या. मग नातवाला हाक मारली, ‘आरं, सकाळी फॅट सात लागली हुती, आता सहा-दोन कशी? बघ बरं, का मीच चुकतीया?’ नातवाने बघितलं. त्या चुकत नव्हत्या. पावती घेऊन त्या डेअरीकडे निघाल्या.