असिमिनेइडी: उधाणरेषेवरच्या गोगलगायींची पार्श्वभूमी

खाजणात रोजच्या भरतीचे पाणी ज्या रेषेपर्यंत पोहोचत नाही, पण उधाणाला हमखास येऊन टेकते, त्या अरुंद पट्ट्यातील ओल्या चिखलावर आणि कुजत्या पानांखाली असिमिनेइडी या कुलातील गोगलगायींचे मूळ वसतिस्थान आहे. बहुतेक जातींचा शंख काही मिलिमीटरांपलीकडे वाढत नाही. चिखलाच्या कणांत सहज मिसळून जाणाऱ्या या प्राण्यांची शास्त्रीय नोंद तुलनेने उशिरा सुरू झाली. टेम्स नदीच्या खाजणांत आढळणाऱ्या जातीला स्कॉटिश निसर्ग-अभ्यासक जॉन फ्लेमिंग यांनी 1828 मध्ये ‘असिमिनिया ग्रेयाना’ असे नाव दिले आणि त्यातून प्राणिशास्त्रज्ञ जॉन एडवर्ड ग्रे यांचा गौरव केला. हेन्री आणि आर्थर ॲडम्स या बंधूंनी 1856 मध्ये ‘असिमिनिया’ या प्रजातीवरून (म्हणजे जवळच्या जातींच्या गटावरून) स्वतंत्र कुल मानले.

ही गोगलगाय पाण्याची की जमिनीची, हा प्रश्न तेव्हापासून तिच्या वर्गीकरणाला चिकटला. तिचे शरीर पाहिले म्हणजे गोंधळाचे कारण कळते. शंखाचे तोंड बंद करणारे झाकण तिच्याजवळ आहे, जे तिच्या पाण्यातील नातलगांकडेही असते. मात्र कल्ले खुरटलेले किंवा पूर्णपणे नाहीसे झालेले असून प्रावाराखालची, म्हणजे शरीरावरील त्वचेच्या पडद्याखालची, पोकळीच हवेतील श्वसनाचे काम करते. असिमिनियाचे स्पर्शक इतके आखूड झाले आहेत की डोळे दोन बुटक्या दांड्यांच्या टोकाशी बसलेले दिसतात, आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंना एकेक तिरपी खाच असते, जिच्यातून प्रावार-पोकळीतील गाळ बाहेर वाहून नेला जातो. ही खाच मला या कुलाची सर्वांत बोलकी खूण वाटते, कारण चिखलात राहून श्वसनाची जागा स्वच्छ ठेवण्याची गरज तिच्यातून थेट दिसते.

एकोणिसाव्या शतकातील अभ्यासकांसमोर मात्र बहुधा रिकामे शंखच येत, आणि शंख कुठे सापडला यावर त्याचे कुल ठरे. खासी टेकड्यांतील एक बारीक शंख विल्यम बेन्सन यांनी जमिनीवरील गोगलगायींत घातला होता. त्याच जातीच्या आधारे विल्यम ब्लॅनफर्ड यांनी 1869 मध्ये ‘ॲक्मेला’ ही प्रजाती वेगळी काढली. पुढे शंखाऐवजी शरीररचना आणि जिभेवरील दंतपट्टिका (बारीक दातांची पट्टी) यांकडे लक्ष वळले. योहानेस थीले यांनी 1927 मध्ये या कुलावर स्वतंत्र प्रबंध लिहिला. खाजणातील असिमिनिया, समुद्री बेटांच्या जंगलांतील ओम्फॅलोट्रोपिस आणि डोंगरातील ॲक्मेला यांना आज एकाच कुलात स्थान आहे. बोर्निओच्या चुनखडीच्या टेकड्यांतून 2015 मध्ये वर्णन झालेली ‘ॲक्मेला नाना’ ही त्या वेळी ज्ञात असलेली जमिनीवरील सर्वांत लहान गोगलगाय होती. तिच्या शंखाची उंची जेमतेम 0.7 मिलिमीटर.

समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर वाळवंटी झऱ्यांच्या काठीही काही जाती टिकून आहेत. अमेरिकेतील डेथ व्हॅलीत, समुद्रसपाटीच्या 86 मीटर खाली असलेल्या बॅडवॉटर येथील जातीला स्टिलमन बेरी यांनी 1947 मध्ये ‘इन्फिमा’, म्हणजे ‘सर्वांत खालची’, असे नाव दिले.

न्यू मेक्सिको आणि टेक्सास या प्रदेशांत विखुरलेल्या ‘असिमिनिया पेकोस’ या जातीचे वर्णन ड्वाइट टेलर यांनी 1987 मध्ये केले. दोन मिलिमीटरांहूनही छोटी असलेली ही गोगलगाय पाण्यात क्वचितच उतरते, पण वाहत्या पाण्यापासून साधारणपणे दोन-तीन सेंटिमीटरांपेक्षा दूरही जात नाही. ओला चिखल किंवा गवताचा दाट थर एवढेच तिचे जग आहे. तेव्हा झऱ्याची पातळी बोटभर उतरली, तरी तिच्या पायाखालची ओल जाते. टेक्सासमधील फोर्ट स्टॉक्टन येथील कोमांचे झरे शेतीसाठी झालेल्या भूजल-उपशामुळे 1961 मध्ये वाहायचे थांबले, आणि त्याच परिसरातील डायमंड वाय झऱ्याच्या काठी ही गोगलगाय राहते. अमेरिकेच्या संघराज्य शासनाने 2005 मध्ये तिला संकटग्रस्त जातींच्या यादीत घेतले, त्यामागे भूजलाचा उपसा हे एक प्रमुख कारण होते.