चंद्रावरून चीनची भिंत दिसते का?

चीनच्या प्रवासवर्णनांत आणि फॉरवर्डमध्ये एक वाक्य हमखास भेटतं: ‘चंद्रावरून दिसणारी एकमेव मानवनिर्मित वास्तू म्हणजे चीनची भिंत.’

ती दिसत नाही. आपण लांबी ऐकून भारावतो, आणि ते साहजिकच आहे. भिंत हजारो किलोमीटरची आहे. पण दुरून दिसायला रुंदीही लागते. बीजिंगजवळ बादालिंगला, जिथे पर्यटकांची झुंबड असते, तिथे भिंत जेमतेम पाच-सहा मीटर रुंद आहे. चंद्र सुमारे ३,८४,००० किलोमीटर दूर. हे प्रमाण मांडलं तर चंद्रावरून भिंत शोधणं म्हणजे साडेचार किलोमीटरवरून डोक्यावरचा एक केस शोधणं. त्यात तिचा रंग आजूबाजूच्या डोंगरासारखाच. अनेक भाग तर तिथलीच माती ठोकून बांधलेले.

पडताळा मोबाइलवर होतो. उपग्रह नकाशात बादालिंग उघडा आणि हळूहळू वर जा. भिंत डोंगरात विरून जाते, शेजारचा महामार्ग मात्र त्यानंतरही थोडा वेळ दिसत राहतो.

गंमत म्हणजे हा समज अवकाशयानांच्या कितीतरी आधीचा आहे. १७५४ च्या एका इंग्रजी पत्रातही तो सापडतो, म्हणजे वर जाऊन कुणी बघण्याआधीच!

‘एक भिंत’ हेही अर्धंच खरं. वेगवेगळ्या राजवटींनी बांधलेल्या अनेक भिंती आहेत. फोटोंत दिसणारी दगडविटांची भिंत बहुतांशी मिंग काळातली, १३६८ ते १६४४ मधली.