शब्द फिरवले म्हणून तळटीप टळत नाही
‘वाक्य आपल्या शब्दांत लिहिलं की संदर्भ द्यावा लागत नाही’ हा समज चुकीचा आहे. संदर्भ द्यायचा तो माहितीचा आणि मताचा, नुसत्या शब्दांचा नव्हे. पहिलं महायुद्ध १९१४ मध्ये सुरू झालं, याला टीप नको. ते सर्वज्ञात आहे. पण ते कोणामुळे पेटलं हे एखाद्या इतिहासकाराचं मत असेल, तर टीप हवीच: लेखक, ग्रंथ, प्रकाशक, वर्ष, पृष्ठ. घोळ होतो टिपणं काढतानाच. पृष्ठक्रमांक तिथल्या तिथे लिहा, नाहीतर शेवटच्या रात्री अख्खं पुस्तक चाळत बसाल. दुसऱ्या लेखकाच्या तळटिपेतून उचललेलं एखादं जुनं पत्र स्वतः पाहिलं नसेल, तर ‘अमुक ग्रंथात उद्धृत’ असं सरळ लिहा. थेट मूळ पत्राचा हवाला दिलात, तर त्या लेखकाची चूकही तुमच्या नावावर जमा होते.