गरम कंगवा मॅडम वॉकर यांचा नव्हे

केस सरळ करणारा गरम कंगवा अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय उद्योजिका मॅडम सी. जे. वॉकर यांनी शोधला, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. ते खरं नाही. असे कंगवे फ्रान्समध्ये १९व्या शतकातच वापरात होते. वॉकर मुख्यतः विकत होत्या ते टाळूला चोळायचं, गंधक घातलेलं मलम.

पण कंगव्याच्या या गोष्टीत त्यांचं खरं काम झाकलं जातं, याचं मला फार वाईट वाटतं. स्वतः लोकांचे कपडे धुऊन पोट भरलेल्या या बाईंनी हजारो कृष्णवर्णीय बायकांना विक्रीचं शिक्षण देऊन कमावतं केलं. १९१७ साली फिलाडेल्फियात या विक्रेत्या बायकांचं अधिवेशन भरवलं. तिथे बक्षिसं जास्त विक्रीला होती, तशीच समाजासाठी जास्त दान देणाऱ्यांनाही.