स्टॉक वर्गाची इंजिनबांधणी

ड्रॅग शर्यतीच्या स्टॉक वर्गासाठी, कारखान्याचे मूळ भाग कायम ठेवून, मोजमाप, निवड आणि जुळणी यांच्या बळावर इंजिनातून जास्तीत जास्त शक्ती काढण्याचे तंत्र. थांबलेल्या स्थितीतून सुटून सरळ अंतर, रूढ प्रकारात पाव मैल (सु. ४०२ मी.), कमीत कमी वेळात कापणे ही ड्रॅग शर्यत. पुण्याच्या गॅरेजांत या कामाला नुसते ‘इंजिन बांधणे’ म्हणतात; नेहमीच्या ‘इंजिनकामा’हून ते निराळे, हे ऐकणाऱ्याने ओळखायचे असते.

‘स्टॉक’ या शब्दाचा अर्थ नियमावलीगणिक बदलतो. अमेरिकेतील नॅशनल हॉट रॉड असोसिएशनच्या (स्था. १९५१) स्टॉक गटात गाडीचे वजन आणि संस्थेने ठरवलेली अश्वशक्ती यांच्या गुणोत्तरावरून वर्ग पडतात. तेथे व्हॉल्व्ह (झडप) उघडणाऱ्या कॅमची उचल, म्हणजे व्हॉल्व्ह किती उघडतो ते, मूळ मापाचीच लागते. व्हॉल्व्ह किती काळ उघडा राहावा यावर मात्र बंधन नाही. म्हणजे कॅम बदलूनही इंजिन ‘स्टॉक’ राहू शकते. भारतात फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्स ऑफ इंडियाच्या (स्था. १९७१) मान्यतेच्या शर्यतींना तिची नियमावली लागू असते, त्यामुळे अमेरिकी सल्ला येथे डोळे मिटून घेता येत नाही.

या तंत्राचे प्रचलित नाव ‘ब्ल्यूप्रिंटिंग’. जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये शोधलेल्या निळ्या छापपद्धतीवरून यंत्ररेखाटनांच्या प्रतींना ब्ल्यूप्रिंट म्हणू लागले. इंजिनबांधणीला हे नाव बहुधा दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी शर्यतगॅरेजांत चिकटले असावे. नेमका अर्थ कोणता, याविषयी दोन मते आढळतात. एका मतानुसार प्रत्येक माप रेखाटनातील मध्यमापावर आणणे म्हणजे ब्ल्यूप्रिंटिंग. दुसऱ्या मतानुसार रेखाटनात कमी-अधिक जी सूट (टॉलरन्स) दिलेली असते, तिच्या आपल्या फायद्याच्या टोकाला प्रत्येक माप नेऊन ठेवणे म्हणजे ब्ल्यूप्रिंटिंग : बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) वरच्या मर्यादेला, ज्वलनकक्ष खालच्या. पहिले मत शब्दाशी प्रामाणिक आहे आणि टिकाऊ इंजिनाला ते पुरते. शर्यत जिंकणारी इंजिने उघडल्यावर जे दिसते त्याचा उलगडा मात्र दुसऱ्या मतानेच होतो.

ज्वलनकक्षाचे आकारमान मोजण्याला ‘सीसी काढणे’ म्हणतात. हेड (सिलिंडरवरचे झाकण) उलटे ठेवून व्हॉल्व्ह व प्लग बसवतात, कडेला ग्रीसचा पातळ थर देऊन भोक पाडलेली ॲक्रिलिकची पट्टी दाबतात आणि ब्युरेटने रॉकेल सोडतात. हेड भोकाच्या बाजूने किंचित उचलून धरले नाही तर हवेचा बुडबुडा अडकतो आणि माप खोटे येते. ५८ मिमी बोअर व ५६.४ मिमी स्ट्रोकच्या (पिस्टनच्या वरखाली सरकण्याचे अंतर) सिलिंडरचे आकारमान १४९ घसेंमी. (घन सेंटिमीटर) भरते. दाबगुणोत्तर (पिस्टन खाली असतानाची जागा भागिले वर असतानाची जागा) ९.५ असेल तर पिस्टन वर असताना सु. १७.५ घसेंमी. जागा उरते. हेडला ०.२ मिमी फेस मारला (खालचा पृष्ठभाग तेवढा घासून काढला) की त्यातली सु. ०.५३ घसेंमी. जागा जाते आणि गुणोत्तर ९.७६ च्या आसपास येते. फेस मारणे जेथे निषिद्ध आहे तेथे चार-पाच हेड मोजून सर्वांत लहान कक्षाचे ठेवतात. ही निवड कोणत्याही पंचाला पकडता येत नाही, कारण तिच्यात गैर काहीच नसते.

रिंग गॅपचा (पिस्टनवरील रिंगच्या दोन टोकांमधील फटीचा) ढोबळ हिशोब बोअरच्या ०.४ टक्के, म्हणजे ५८ मिमीला सु. ०.२३ मिमी. रिंग उलट्या पिस्टनने सरळ आत ढकलून फिलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पात्याने) फट तपासतात. हेडचे बोल्ट आवळल्यावर सिलिंडर किंचित वाकडा होतो, म्हणून जाड प्लेट तितक्याच टॉर्कने आवळून होनिंग (सिलिंडरच्या आतल्या बाजूची बारीक घासाई) करण्याची पद्धत आहे.

पुण्यात या कामाला लागणारी लेथ, ग्राइंडर आणि मापाची सवय आयती होती. खडकीतील किर्लोस्कर ऑइल इंजिन्स (१९४६), मुंढव्यातील भारत फोर्ज (१९६१), वेताळ टेकडीवरील एआरएआय ही वाहनसंशोधन संस्था (१९६६) आणि आकुर्डीतील बजाज ऑटो यांच्या भोवती भोसरी-पिंपरी पट्ट्यात लहान टूलरूम (साचे व हत्यारे बनवणाऱ्या कार्यशाळा) वाढल्या. नाना पेठेतील सुट्या भागांच्या बाजाराचाही आधार असतो. ९८ घसेंमी.च्या (बोअर ५० मिमी, स्ट्रोक ५० मिमी) यामाहा आरएक्स १०० चे उत्पादन १९९६ मध्ये थांबले. तिचा मूळ कंपनीचा सिलिंडर शोधणे हा आता बांधणीचाच एक भाग झाला आहे.

पुणे समुद्रसपाटीपासून सु. ५६० मी. उंचीवर असल्याने, तापमान सारखे धरले तर येथील हवा किनाऱ्यापेक्षा सु. ६ टक्के विरळ असते. येथे बेताचा वाटणारा कार्बोरेटरचा मेन जेट (पेट्रोल सोडणारे मापाचे छिद्र) चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टई येथील शर्यतपट्टीवर अपुरा पडतो; मिश्रणात पेट्रोल कमी होते आणि टू-स्ट्रोकमध्ये पिस्टन चिकटतो. त्यामुळे जाणता मेकॅनिक डबीत दोन-तीन नंबर मोठे जेट घेऊनच गाडीत बसतो.

पुणे जिल्ह्यात लोणावळ्याजवळच्या ॲम्बी व्हॅलीच्या विमानधावपट्टीवर ड्रॅग शर्यती झाल्या आहेत. सार्वजनिक रस्त्यावर राज्य शासनाच्या लेखी संमतीशिवाय शर्यत लावणे मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८९ नुसार गुन्हा आहे. अधिकृत शर्यतीनंतर विजेत्याचे इंजिन तपासणीसाठी उघडता येते. बोअर, स्ट्रोक आणि ज्वलनकक्ष पुन्हा मोजले जातात. या वेळी इंजिन गरम असेल तर बोअर मोठा भरतो, म्हणून ते थंड होईपर्यंत सगळे जण तेथेच थांबून राहतात.